पाच हातोडे, एक ऐरण

पायथॉन ही संगणकाची भाषा शिकणारी मुलं कधी ना कधी माझ्यापाशी रुसून येतात. एकाच प्रोग्रॅममध्ये चार थ्रेड सोडले, म्हणजे कामाचे चार धागे एकदम सुरू केले, तरी मोठी आकडेमोड चौपट लवकर होत नाही. उलट कधी कधी जास्तच वेळ खाते. ही गोष्ट त्यांच्यासाठी आहे. आणि शेजाऱ्याचं बरं झालेलं ज्यांना बघवत नाही, त्यांच्यासाठीही आहे.

एका गावात एक तांबट होता, बाळकोबा नावाचा. हात कसलेला, पण मन कुचकं. शेजारी पुरण शिजलं की याच्या पोटात दुखायचं.

त्याच्या भिंतीला भिंत लागून येसूबाई रंगारीण राहायची. बाई एकटी. एका रांजणात लाल लुगडी भिजत घातलेली, दुसऱ्यात निळी, चुलीवर तिसरा रंग उकळतोय, दोरीवर काल रंगवलेली वाळताहेत. ती या रांजणाकडून त्या रांजणाकडे जायची, काठीने ढवळायची, आणि मधेच ओट्यावर बसून पान खायची. संध्याकाळी ढीगभर कापड तयार. "एकटी आहे, पण दहा जणींचं काम उरकते," असं लोक म्हणायचे. ते ऐकलं की बाळकोबाला मिरच्या झोंबायच्या.

येसूबाई निदान भिंतीपलीकडे होती. बाळकोबाचा दुसरा हेवा रोज त्याच्याच पंगतीला जेवायला बसायचा. तो म्हणजे धाकटा भाऊ नारो. दोघा भावांत ऐरण एकच, वडिलांची. ऐरणीशी दादाने बसायचं, नारोने भाता ओढायचा, भांडं धरायचं, आणि दादा दमला तरच चार ठोके घालायचे. एकदा एका गिऱ्हाइकाने नारोने ठोकलेला तांब्या हातात घेऊन कौतुकाने विचारलं, "हा हात कुणाचा?" त्या दिवशी बाळकोबाला जेवण गेलं नाही. पुढे नारोने वेगळी ऐरण मागितली की उत्तर ठरलेलं असायचं, "एका घरात दोन ऐरणी नांदत नाहीत."

एके वर्षी राजाच्या मुलीचं लग्न निघालं. कारभारी स्वतः बाळकोबाच्या दारी आले.

"वडिलांच्या वेळेपासून राजवाड्याचे तांबट तुम्ही," ते म्हणाले. "पंगतीच्या पाण्यासाठी मोठे हंडे हवेत. लग्नाआधी मिळाले तर मान तुमच्या घरात राहील. नाही मिळाले, तर तो खालच्या पेठेत जाईल, आणि गेलेला मान परत येत नसतो."

एवढे हंडे बाळकोबाने जन्मात कधी एकदम घडवले नव्हते. नारो म्हणाला, "दादा, दुसरी ऐरण घेऊ. दोघं बसलो तर होईल."

बाळकोबाने भिंतीपलीकडे बोट दाखवलं. "ती बाई एकटी एवढं करते. मग मी काय मेलोय?"

त्याने सगळे हंडे एकदम सुरू केले. पहिल्यावर थोडे ठोके, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. फिरून पहिल्याकडे आला की कुठवर ठोकलं होतं तेच सापडेना. हात फिरवून, डोळा लावून जागा शोधायची, मग कुठे पुढचा ठोका. दुकानभर हंडे मांडून झाले, पण पुरा एकही होईना.

येसूबाई भिंतीवरून बघत होती. तिला राहवलं नाही. "अहो बाळकोबा, मी पान खात बसले तरी माझी लुगडी रंग पीत असतात. तुम्ही पाठ फिरवलीत की तुमचं तांबं नुसतं पडून राहतं. माझ्या कामाला वेळ लागतो, तुमच्या कामाला हात लागतो."

बाई सांगत होती ते खरं होतं. पण बाळकोबाला फक्त एवढंच ऐकू आलं की ही आता मला शिकवते. "हात लागतो काय? मग हातच आणून दाखवतो!" असं म्हणत तो गेला आणि चार कारागीर घेऊन आला. त्याचा एक धरून आता दुकानात पाच हातोडे झाले. नारो भात्यावरच राहिला.

मग काय विचारता! सकाळपासून ठणठणाट. पेठेतली माणसं येता-जाता थबकायची आणि म्हणायची, "काय कारखाना काढलाय बाळकोबांनी!" बाळकोबा ओट्यावर बसून फुगायचा आणि येसूबाईच्या दाराकडे तिरक्या नजरेने बघायचा.

आत मात्र निराळीच कथा होती. ऐरण एक, बसणारे पाच. एकजण ठोकायचा आणि बाकीचे हातोडा मांडीवर ठेवून वाट बघायचे. बाळकोबा मधेच ओरडायचा, "तू ऊठ, आता तू बस!" मग एक हंडा उतरवायचा, दुसरा चढवायचा. तेवढा वेळ ऐरणही रिकामीच. एकटा असताना जेवढं काम व्हायचं, तेवढंही आता होईना. जेवायला मात्र पाची जण वेळेवर हजर.

नारो म्हणाला, "दादा, डोळे मिटून ऐका. हातोडे पाच आहेत, पण दोन ठोके कधी एकदम पडतात का?"

बाळकोबाने ऐकलं. एक ठोका पडायचा, तो विरला की दुसरा. एकदाही दोन मिळून पडले नाहीत.

"लोहाराकडे ऐरणी तयार आहेत," नारो म्हणाला. "प्रत्येकाला एकेक द्या."

"ऐरण दुसरी आली की घरात मालक दुसरा आला," बाळकोबा म्हणाला. "हातोडे हवे तेवढे आण. ऐरण एकच राहील."

नारोने उठून लोहाराकडून एक ऐरण आणली आणि येसूबाईच्या अंगणात रोवली. बाईने आपली वाळवणाची दोरी सोडून जागा करून दिली. मग भिंतीवरून नारोने हाक मारली, "दादा, निम्मे हंडे इकडे द्या. वडिलांचा मान जाऊ देऊ नका. शिक्का मी तुमच्याच नावाचा मारीन."

बाळकोबाने खरंच एक हंडा उचलला. भिंतीपर्यंत नेलाही. तेवढ्यात पलीकडे नारोने ऐरण जोखायला एक ठोका घातला, आणि त्याच क्षणी इकडे कारागिराचा ठोका पडला. दोन ठोके एकदम. काम असं होतं, हे बाळकोबाला त्या घडीला लख्ख कळलं. आणि दुसरंही कळलं. हंडे वेळेवर पोचतील, आणि पेठ म्हणेल, नारो होता म्हणून झाले. ते त्याच्याने सोसवेना. त्याने हंडा परत आणून जागेवर ठेवला.

लग्नाच्या आदल्या दिवशी कारभारी आले. दुकानभर अर्धेमुर्धे हंडे पसरले होते.

"आवाज तर फार येत होता हो तुमच्याकडून," कारभारी म्हणाले. "मला वाटलं काम चाललंय."

खालच्या पेठेतल्या तांबटाने गरज पडेल म्हणून हंडे तयार ठेवले होते. ते राजवाड्यात गेले, आणि पिढ्यांचा मान त्यांच्यामागून गेला. नारो भिंतीला डोकं टेकून रडला. बाळकोबा कारभाऱ्यांच्या मागे रस्त्यापर्यंत धावला. लोकांना वाटलं, आता हा पाय धरणार.

"मान कुणाला दिलात?" त्याने धापा टाकत विचारलं. "नारोला नाही ना?"

"नाही. खालच्या पेठेत गेला."

"मग हरकत नाही," बाळकोबा म्हणाला आणि घाम पुसत घरी आला. येसूबाई दारात उभी राहून हे ऐकत होती. एरवी तिच्या तोंडाला कुणी लागत नसे, पण त्या दिवशी ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

तात्पर्य: वाट बघण्याची कामं एकटा माणूस, किंवा एकटा प्रोग्रॅम, दहा ठिकाणी सांभाळू शकतो, राबण्याच्या कामाला मात्र प्रत्येक हाताला स्वतःची ऐरण (पायथॉनमध्ये वेगळी प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम) द्यावी लागते, आणि मत्सरी माणूस सगळं गमावील पण ती देणार नाही.