खेकड्यांचा किल्ला

टीव्हीला कॅसेट जोडून व्हिडिओ गेम खेळायचे, त्या काळची ही गोष्ट. हेरंब नावाच्या माणसाने एका गेमसाठी किल्ला रचला होता. नायकाने उड्या मारत तो पार करायचा. वाटेत जमिनीवर लाल खेकडा फिरे, वरून वटवाघूळ झेप घेई आणि खंदकातून बेडूक उसळे.

सर्वांत जास्त चिरडला जाई तो खेकडा. एकदा तो हेरंबला म्हणाला, "मालक, या दोघांना काढा आणि सगळीकडे माझीच भावंडं ठेवा. आम्ही पुष्कळ झालो की नायक घाबरेल."

वटवाघूळ म्हणालं, "अरे, त्याचं लक्ष माझ्याकडे जातं, म्हणून तर तू अधूनमधून वाचतोस."

"तुला उडता येतं, म्हणून असं सुचतं," खेकडा म्हणाला.

कॅसेटमध्ये जागा मुळातच कमी होती. हेरंबने वटवाघूळ आणि बेडूक पुसून टाकले आणि निळे, हिरवे खेकडे आणून किल्ला भरला.

नायक आला. पहिल्या खेकड्यावर उडी कशी मारायची ते त्याला कळलं, आणि तेवढंच पुरलं. वर बघायला नको, थांबायला नको. तो एकालाही न सोडता सगळ्यांना तुडवत गेला.

गेम पुन्हा सुरू होताच लाल खेकडा हेरंबकडे धावला. "मालक, वटवाघळाला परत आणा."

"जागा कुठे आहे आता? त्यासाठी तुमच्यातला एक रंग पुसावा लागेल. कोणता पुसू, तूच सांग."

लाल खेकड्याने शेजारच्या निळ्याकडे नांगी दाखवली. निळ्याची नांगी आधीच त्याच्याकडे वळलेली होती.