फटफटीची जाणकार

"पिस्टन बदललात? मग मूळचा आवाज गेला. गाडी बाद!" जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक सरनोबत गरजले. सासऱ्यांचा चेहराच पडला. ही फटफटी म्हणजे त्यांचा जीव.

मी एरवी बाळाच्या शिंकेलाही घाबरते, पण बोलून गेले, "साहेब, त्या आवाजाची खरी जाणकार माझ्या कडेवर आहे. रेवा जन्मापासून, म्हणजे पिस्टन बदलायच्या आधीपासून, त्याच आवाजावर झोपते. तिलाच विचारू."

रेवा रडून लाल झाली होती. शेजारच्या दोन गाड्या सुरू केल्या, तशी आणखीच किंचाळली. कुठून बोलले, असं झालं मला! मग सासऱ्यांनी किक मारली. फटफट सुरू झाली आणि रेवाची मान हळूहळू माझ्या खांद्यावर कलंडली.

"हा काय पुरावा..." सरनोबत पुन्हा गरजले.

"हळू, साहेब! उठली तर तुम्हीच झोपवायची."

सरनोबत चवड्यांवर चालत आले आणि गाडीला प्रवेशाचा बिल्ला लावून गेले.