कोंडाईचा सवाल

आमच्या नदीला बांधलेला घाट नव्हता, नुसते दगड होते, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. हिवरदऱ्यात तेव्हा कोंडाई नावाची रंगारीण राहत होती. नदीकाठी तिची रंगाची भांडी गळ्यापर्यंत पुरलेली होती. एकात नीळ, एकात लाल रंगाची मंजिष्ठ, एकात डाळिंबाची साल. तिचे हात कोपरापर्यंत निळे होते. ते जन्मापासून तसेच होते असं म्हणतात. मला ते पटत नाही. पण मागचे सांगत आले, म्हणून मीही सांगतो.

कोंडाई कोणाला रंग विचारत नसे. बाई लुगडं रंगवायला आली की ती तिला नदीकाठच्या सपाट दगडावर उन्हात बसवायची. अंगावरचा रंग झाकावा म्हणून गळ्यापर्यंत गोधडी गुंडाळायची. मग रंगवलेल्या चिंध्या एकेक करून हनुवटीखाली धरायची. एक चिंधी धरली की चांगला चेहरा विटायचा. दुसरी धरली की तोच चेहरा दिव्यासारखा उजळायचा. जी चिंधी चेहरा उजळवील, तिच्या रंगात लुगडं बुडायचं.

लुगडं वाळलं, बाई नेसली, की शेवटची परीक्षा असे. कोंडाई वाटेवरच्या कोणालाही थांबवायची आणि विचारायची, "आधी काय दिसलं?"

"काय झकास लुगडं आहे!" असं तो म्हणाला, की कोंडाई ते लुगडं काढून घ्यायची आणि पुन्हा भांड्यात टाकायची. "अरे, ही तर आपली ठकू! आज तोंडावर काय तेज आहे," असं म्हणाला, तरच ती बाई घरी जायची. माणूस पुढं दिसावं आणि रंग त्याच्या मागं उभा राहावा, एवढंच कोंडाईचं म्हणणं.

मग गावात नवी पाटलीण आली. केतकीच्या पानासारखी गोरी. ती माहेराहून लिंबोणी रंगाचं लुगडं घेऊन आली. कच्च्या लिंबासारखा फिकट पिवळा रंग. तिला तो शोभत होता, यात वाद नाही. पण मग साऱ्या गावाला तोच हवासा झाला.

पहिली ठकूबाई आली. "कोंडाई, मला पाटलीणबाईसारखं लिंबोणी दे."

"तुला नाही शोभायचं."

"का? मी काळी म्हणून?"

"काळी म्हणूनच तुला मोरपिशी दिलं. ते पाटलिणीला दिलं असतं तर ती मेणाची दिसली असती. लिंबोणीत तू आजारी दिसशील."

"दिसू दे. तोंड माझं आहे."

"तोंड तुझं. रंग माझा. चल, ऊठ दगडावरून."

ठकूबाई उठली. तिच्यामागं साऱ्याच गेल्या. तालुक्याचा एक व्यापारी जुनी लुगडी घेऊन बदल्यात नवं लिंबोणी देत होता. बायकांनी घरातली होती नव्हती ती लुगडी त्याच्या गाडीत टाकली. कोंडाईनं रंगवलेली तेवढी सगळी गेली. कोंडाई दारात उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, "आता माझ्या दगडाला पाय लावू नका." आणि तिनं रंगाच्या चुली विझवल्या.

कोंडाईला एकच नात होती, गिरजा. आईबाप लहानपणीच गेलेले. पिकल्या जांभळासारखी सावळी पोर. तिचं लग्न नदीपलीकडच्या गावात ठरलं होतं. मुहूर्त गोरजाचा होता. भांडण असलं तरी गावाची पोर ती गावाची पोर. पुरुषांनी मांडव घातला आणि साऱ्या बायका लिंबोणी लुगडी नेसून वऱ्हाडाला सामोऱ्या गेल्या.

वऱ्हाडाच्या गाड्या पलीकडच्या काठाला आल्या आणि थांबल्या. नवरदेवाचा बाप सटवाजी गाडीतून उतरला. त्यानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. अलीकडच्या काठावर सगळी तोंडं पिवळी. ओठ मातीसारखे.

तो ओरडला, "गावात साथ आहे!"

"कोणीसुद्धा आजारी नाही!" इकडून बायका ओरडल्या.

"आमच्या गावातही असंच म्हणत होते. मागच्या वर्षी माझी दोन माणसं गेली. मी पोराला पाण्यात उतरू देणार नाही. बैल जरा दम घेतील, दिवस कलला की आम्ही माघारी."

मग त्याची नजर गिरजाकडं गेली. ती मागं आजीपाशी उभी होती. आजीनं तिच्यासाठी चुली विझवण्याआधीच डाळिंबी लुगडं रंगवून ठेवलं होतं. सटवाजी म्हणाला, "आजीबाई, पोर तेवढी निरोगी दिसते. तिला एकटीला पाठवा. लग्न आमच्या दारी लावू. पण या गावाचं माणूस पुन्हा आमच्या उंबऱ्यावर नको."

सगळ्यांनी कोंडाईकडं पाहिलं. तिनं फक्त नातीचा हात सोडायचा होता. लग्न पार पडलं असतं आणि गावाला अद्दलही घडली असती. असं म्हणतात, नदीसुद्धा तिचं उत्तर ऐकायला थांबली.

कोंडाई म्हणाली, "माहेर नसलेली पोर मी देत नाही. पाव्हणं, दिवस बुडेपर्यंत बसा."

ती बायकांकडं वळली. ती काहीतरी टोचून बोलेल म्हणून सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. ती एवढंच बोलली, "लुगडी सोडा. गोधड्या घेऊन या."

दुसरं नेसायला कोणाकडं काही उरलंच नव्हतं. साऱ्या गावच्या बायका भर उन्हात गोधड्या गुंडाळून नदीकाठी बसल्या. पाटलीणबाईसुद्धा आली. कोंडाई तिला म्हणाली, "तुझं राहू दे. तो रंग तुझाच आहे." मग तिनं चुली पुन्हा पेटवल्या आणि ती एकेकीच्या तोंडाकडं पाहत गेली. चिंध्यांची गरज पडली नाही. पिवळ्यावर नीळ चढली तिथं गर्द हिरवं झालं. मंजिष्ठ चढली तिथं विटकरी झालं. लोखंडाच्या पाण्यानं काळपट झालं. सरपण संपलं तेव्हा पुरुषांनी मांडव मोडून त्याची लाकडं चुलीत घातली. नदी त्या दिवशी सात रंगांची वाहिली असं म्हणतात. आणि सूर्य टेकडीवर टेकला तो तिथंच खोळंबला, शेवटचं लुगडं वाळेपर्यंत.

मग बायका पुन्हा काठावर उभ्या राहिल्या. सटवाजी गाडी जुंपत होता. कोंडाईनं हाक मारली, "पाव्हणं, आधी काय दिसलं?"

तो वळला. बराच वेळ पाहत राहिला. "या दुसऱ्या गावच्या बायका आणल्यात का?"

"अहो, मीच ती साथीनं मेलेली!" ठकूबाई ओरडली. दोन्ही काठ हसले.

"नीट सांगा," कोंडाई म्हणाली. "आधी काय दिसलं?"

सटवाजीनं पागोटं काढून हातात घेतलं. "माणसं दिसली, आजीबाई," तो म्हणाला. आणि तोच पहिला पाण्यात उतरला.

लग्न उघड्यावर लागलं. तेव्हापासून हिवरदऱ्यात लग्नाला मांडव घालत नाहीत. नवरीला आधी त्या दगडावर गोधडी पांघरून बसवतात आणि रंग हनुवटीखाली धरून निवडतात. ती नेसली की वाटसराला थांबवून कोंडाईचा सवाल विचारतात. लुगड्याचं नाव निघालं तर ते दुकानात परत जातं, मग ते कितीही भारी असो.

गावातल्या साऱ्या देवांना शेंदूर आहे. कोंडाईचा दगडही पुजतात, पण त्याला शेंदूर नाही. तिच्या आवडीचा रंग लावावा असं एकदा ठरलं होतं, तेव्हा तिला पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं. कोणी तिची चाल सांगितली, कोणी आवाज, कोणी ते निळे हात. ती कोणत्या रंगाचं लुगडं नेसायची, ते एकालाही आठवलं नाही.

म्हणून दगड तसाच ठेवला आहे.