सगुणेची कढई

राजे तळी खोदवीत आणि वाटा रानातूनच जात, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट.

एका रानाच्या कडेला तळं खोदायचं काम चाललं होतं. वीस गडी खोदत आणि सगुणा त्यांना रांधून घाली. तिचा नवरा हैबतीही त्या वीस जणांतलाच.

तिचा स्वयंपाक एकाच कढईचा. तेलात कांदा टाकायचा, त्यावर वांगी, भोपळा आणि घेवडा रचायचा. वर मटण पसरून लसूण-मिरची चोळायची आणि झाकणावर पाणी ठेवून द्यायचं. रांधणं सोपं होतं. जड होती ती पायपीट. मटणासाठी रोज दोन कोस चालत धनगरवाड्यावर जावं लागे.

एके दिवशी ऐन दुपारी एक उंच माणूस पानात गुंडाळलेलं मटण घेऊन आला.

"बाई, कशाला पाय झिजवता? मी रोज आणून देत जाईन."

"आणि त्याचं काय द्यायचं, दादा?"

"काही नको. तुम्ही सगळ्यांना पोटभर जेवू घाला, झालं."

मटण स्वच्छ, बारीक कापलेलं, आणि त्यात एकही हाड नव्हतं. 'कशाचं हो हे?' असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण कढई तापली होती. तिने प्रश्न गिळला.

गडी चाटूनपुसून जेवले. सांडलेल्या तुकड्याला मात्र कावळा शिवला नाही. तळ्यावरचं कुत्रं हुंगून मागे सरलं ते पुन्हा चुलीकडे फिरकलंच नाही.

महिना गेला. गडी हळूहळू अबोल झाले. जेवायला येत, खात, काही न बोलता उठून जात. येदू नावाच्या धडधाकट गड्याच्या हातून एकदा कुदळ गळून पडली. ती त्याला परत उचलताच येईना.

त्या संध्याकाळी गडी ओळीने परतत होते. उन्हं तिरपी झाली होती, सावल्या लांब पडल्या होत्या. सगुणेचं सहज तिकडे लक्ष गेलं आणि हातातलं भांडं ठेवून ती नीट पाहू लागली.

येदूच्या सावलीला उजवा हात नव्हता. एकाची सावली गुडघ्यापाशी संपत होती. हैबतीच्या सावलीची तर नुसती मान आणि डोकं उरलं होतं, बाकीच्या जागी कोरडी माती. दुपारी सावली पायाखालीच असते, तेव्हा ती कोण बघतो?

दुसऱ्या दिवशी तो माणूस आला. सगुणेने आज त्याच्या पायाकडे पाहिलं. सूर्य डोक्यावर होता, तरी त्याची सावली पार झाडांपर्यंत पसरली होती आणि तिला कितीतरी हात होते.

"हे कशाचं आहे?" तिने विचारलं.

तो शांतपणे हसला. "पहिल्या दिवशी विचारलं असतंत, तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. ज्यांचं आहे तेच खातात, बाई. मी फक्त कापतो."

"आजपासून इथे पाऊल टाकू नका."

"कापणारा मी आहे. शिजवत कोण होतं?" एवढं बोलून तो रानात शिरला.

सगुणेने मागे राहिलेली पानाची गुंडाळी पुरली, नुसत्या भाज्या शिजवल्या आणि सगळ्यांसमोर खरं ते सांगितलं. हैबती भडकला. "चांगलं घरबसल्या मिळत होतं, तर तुला भलतंच सुचलं!" उन्हं कलताच तिने त्याला हाताला धरून बाहेर नेलं. खाली आपली सावली पाहताच त्याने तिचा हात घट्ट धरला.

ती पुन्हा धनगरवाड्याची वाट चालू लागली. दोन पावसाळ्यांत गड्यांच्या सावल्या भरून आल्या. येदूची मात्र आली नाही; सावलीपाठोपाठ त्याचा हातही आधीच गेला होता. त्याचा उजवा हात लाकडासारखा लोंबतच राहिला.

सगुणा रोज त्याला आपल्या हाताने भरवी. एकदा तो म्हणाला, "वहिनी, तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं?"

"ठाऊक नव्हतं, भावजी," ती म्हणाली. "ठाऊक करून घ्यायचं नव्हतं."

म्हणून लहानथोरांनो, कष्टावाचून हाती आलेलं कुठून आलं ते आधी विचारा. न विचारलेल्या प्रश्नाची किंमत बहुधा दुसराच कोणी मोजतो.