उघड्या वाटीतली कॉफी

भांड्यांना तोंडं होती आणि ती मिटायची अक्कल नव्हती, त्या काळातली गोष्ट. एका घरात कॉफीची ताजी दळलेली पूड आली. तिची कॉफी कुणी करायची, यावर फळीवरच्या ज्येष्ठांनी बैठक भरवली. पुडीला उघड्या वाटीत मधोमध ठेवलं, म्हणजे प्रत्येकाला हुंगून मत देता येईल.

"दुधात टाकायची आणि खळाखळा उकळायची," दुधाचं पातेलं म्हणालं. "या घरात पिढ्यानपिढ्या अशीच झाली." त्या पिढ्यांची करपलेली साय अजून त्याच्या तळाला होती.

"उकळलेली कॉफी म्हणजे काढा!" पितळी फिल्टर कडाडला. "थेंबाथेंबाने गळू द्यावी." त्याची निम्मी भोकं बुजली होती, त्यामुळे दुसरं काही त्याला जमतही नव्हतं.

"आणि जायफळाशिवाय? शिव शिव!" किसणी म्हणाली.

"आजोबा, काका, काकू, कुणीही करा, पण आत्ता करा," पूड कळवळली. "माझा वास उडून चाललाय हो!"

"मोठी माणसं बोलताना मध्ये बोलायचं नाही!" तिघंही ओरडली. तेवढ्यावर मात्र त्यांचं ताबडतोब एकमत झालं.

मग मानपान निघाला, जुनी भांडणं निघाली. संध्याकाळी ठरलं: आधी फिल्टरने गाळायची, मग पातेल्याने उकळायची, वर किसणीचं जायफळ. सगळ्यांचा मान राहिला. कॉफीला वास नव्हता, चवही नव्हती.

तिघांनी एकेक घोट घेतला आणि माना हलवल्या.

"बघितलंत? हल्लीच्या पुडीत दमच राहिला नाही."