देव जागे होईपर्यंत

हे जगन्माउली, ज्यांना कोणी नाही त्यांच्या मस्तकी तुझा हात असतो. तो हात स्मरून ही कथा सांगतो. उणे-अधिक तू सांभाळून घे.

फार पूर्वी, डोंगरांच्या कुशीतील एका राज्यात एक विधवा कोष्टीण राहत असे. दुष्काळात तिचा माग थांबला, तेव्हा तिने आपली तान्ही लेक एका अपत्यहीन सराफ दांपत्याच्या ओटीत घातली. त्या राज्याची रीत कठोर होती. देणाऱ्या मातेने ग्रामदेवासमोर हातावरून पाणी सोडावे, आणि त्यानंतर त्या मुलाजवळ कधीही स्वतःला आई म्हणवू नये. कोष्टिणीने पाणी सोडले आणि शब्दही दिला.

मुलगी कळती झाली आणि गावात साथ आली. सराफ गेला, त्यामागून त्याची पत्नी गेली. भाऊबंदांनी घर घेतले. मुलीला मात्र धर्मशाळेत नेऊन ठेवले.

कोष्टीण देवळातील शास्त्र्यांकडे धावली. "शास्त्रीबुवा, माझी लेक मला परत द्या."

शास्त्री निर्दय नव्हते. ते म्हणाले, "घेणारे हयात नसतील, तर देवाच्या हातून मूल जन्मदात्रीच्या ओटीत परत घालता येते. तुझा हक्क पुन्हा उभा राहील. पण शयनी एकादशी कालच झाली. देणाराच निजला असता मी कोणाच्या हातून देऊ? कार्तिकात देव जागे झाले की ये."

"आणि तोवर?"

"तोवर तू परकी, तिला घरी नेता येणार नाही. शब्द मोडलास तर हक्क कायमचा गेला, हे ध्यानात ठेव."

कोष्टीण भाविक होती. तिने ते ध्यानात ठेवले. ती रोज धर्मशाळेत भाकरी घेऊन जाई आणि उंबऱ्याबाहेर बसे.

"मावशी, तुम्ही माझ्यासाठीच का येता?" मुलीने एकदा विचारले.

"वाटेवरच आहे म्हणून."

"मग मला न्या ना तुमच्या घरी. मला भांडी घासता येतात."

कोष्टिणीच्या ओठांवर शब्द आला आणि तिने तो गिळला. "अजून नाही, बाळ."

"सगळे असेच म्हणतात," मुलगी म्हणाली, आणि पुढे तिने कधी विचारले नाही.

धर्मशाळेची राखणदारीण मात्र टोचून बोले. "भाकरी द्यायला हात आहेत, बाई, पण पोरीनं काही विचारलं की तुमची दातखीळ बसते."

आश्विन सरता सरता कोष्टीण आली, तेव्हा मुलीची जागा रिकामी होती.

"मीठवाल्यांच्या बैलांमागे गेली पहाटेच," राखणदारीण म्हणाली. "कुठे निघालीस, असं मी विचारलं. म्हणाली, इथे माझं कुणी नाही."

कोष्टीण घाट उतरून गेली. खाली वाटेला अनेक फाटे फुटले होते, आणि प्रत्येक वाटेवर बैलांचे खूर उमटले होते.

कार्तिकात देव जागे झाले. घंटा वाजल्या. कोष्टीण देवळात आली आणि तिने पदर पसरला.

शास्त्र्यांची मान खाली गेली. "बाई, ओटीत घालू काय? मुलगीच नाही."

"मुलगी नसली तरी हक्क द्या, बुवा. कधी कुठे भेटली, तर मी कोण हे मला सांगता आले पाहिजे."

शास्त्र्यांनी विधी केला. त्या दिवसापासून ती पुन्हा आई झाली. पुढे ती मिठाच्या प्रत्येक बाजारात फिरली, प्रत्येक अनोळखी मुलीपुढे उभी राहिली, आणि फिरता फिरताच म्हातारी झाली. 'मी तुझी आई' हे शब्द ऐकायला तिची लेक तिला कोठेही भेटली नाही.

लेकरू "माझे कोण?" असे विचारते, तोच खरा मुहूर्त; त्यानंतर मिळालेला हक्क रिकामा राहतो.

श्रोतेहो, तुमच्या घरच्या प्रत्येक लेकराला हाकेसरशी ओ मिळो, प्रत्येक मातेची ओटी भरलेली राहो, आणि ज्याचे कोणी नाही त्याच्यासाठी तुमचे दार उघडे असो.