चोख कारण शोधणारा बगळा

एका जंगलात सागाच्या दाट झाडीमागे एक उथळ तळे होते आणि त्या तळ्याच्या काठी एक म्हातारा बगळा राहत असे. त्याचा जन्म मात्र जंगलातला नव्हता. दूरच्या एका गावात चर्चच्या अंगणात चिंचेचे मोठे झाड होते, त्या झाडावर तो जन्मला. झाडाची एक फांदी थेट खिडकीपर्यंत गेलेली होती. पाळकसाहेबांचे उपदेश, मंडळीची गीते, आजाऱ्यांसाठी केलेल्या विनंत्या हे सगळे त्याने पिसे फुटण्याआधीपासून ऐकले. पंख बळकट झाल्यावर त्याची भावंडे शेतांकडे वळली; हा मात्र रविवार आला की खिडकीशी येऊन बसायचा. पुढे ती चिंच तोडली गेली आणि बगळा जंगलात आला. येताना त्याने काही आणले असेल, तर ती प्रभूवरची श्रद्धा.

रोज सूर्य उगवताना तो पाण्यात एका पायावर उभा राही, मान आखडून घेई, डोळे मिटी आणि प्रार्थना करी. मुलांनो, बगळा असा उभा राहिला की लोक हसतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. पण हा बगळा ढोंगी नव्हता. हळूहळू पाणकोंबड्या, बदके, टिटव्या त्याच्यामागे येऊन उभ्या राहू लागल्या. तो एक ओळ म्हणे, ती सगळे मागून म्हणत. कुणाचे पिल्लू आजारी पडले, कुणाचे घरटे वाऱ्याने गेले की बगळेआजोबांना बोलावणे जाई आणि आजोबा लगेच निघत. सकाळची प्रार्थना संपली की बगळा तिथेच चार मासे टिपून न्याहारी करी. या दोन्ही गोष्टी एकाच जागी होतात, याचा कुणी कधी विचार केला नव्हता. त्यानेही केला नव्हता.

एके दिवशी प्रार्थना शेवटाला आली असताना एक गुबगुबीत मासा त्याच्या पायाला घासून गेला. बगळ्याची चोच आपोआप खाली गेली. मासा गिळून झाला तेव्हा त्याच्या लक्षात आले की शेवटचा शब्द राहूनच गेला आहे. समोरच्या फांदीवर एक खंड्या बसला होता. तो म्हणाला, "आजोबा, आमेन तरी होऊ द्यायचं. मासा काय परगावी निघाला होता?"

सगळे हसले. बगळाही हसला. दुपारपर्यंत बाकीचे ते विसरूनही गेले.

बगळा विसरला नाही. मी या जागी प्रार्थना करतो म्हणून इथे मासे खातो, की मासे आहेत म्हणून इथे प्रार्थना करतो, असा प्रश्न त्याला पडला. तो प्रामाणिक होता, म्हणून त्याने अगदी पहिला दिवस आठवून पाहिला. त्या दिवशी तो तळ्यावर उतरला तेव्हा त्याने आधी मासे पाहिले होते. उगवतीची लाली त्याला नंतर दिसली होती.

दुसऱ्या दिवसापासून तो तळे सोडून टेकडीवरच्या उघड्या कातळावर प्रार्थनेला उभा राहू लागला. तिथे मासा तर सोडाच, साधा नाकतोडाही मिळत नसे. पण ही बातमी जंगलभर पसरली. उपाशीपोटी कातळावर उभा राहणारा बगळा पाहायला लांबलांबून प्राणी येऊ लागले. एक हरिणी तर आपल्या पाडसाला घेऊन आली आणि असे भक्त आता कुठे पाहायला मिळतात, म्हणाली. बगळ्याने डोळे उघडले नाहीत, पण ऐकले सगळे. चार दिवसांनी त्याच्या ध्यानात आले की गवतात पावले वाजली की आपला आवाज खोल होतो आणि कुणी आले नाही की प्रार्थना लवकर आटोपते.

मग तो करवंदीच्या जाळीत जाऊन बसला. तिथे मासे नव्हते आणि बघणारेही नव्हते. आता तरी मन स्वच्छ सापडेल, असे त्याला वाटले. पण त्या वर्षी त्याच्या वयाचे दोन बगळे गेले होते, आणि जाळीतल्या शांततेत त्याला सारखे तेच आठवू लागले. आपण प्रभूला हाक मारतो ती मरणाला भिऊन तर नव्हे? भूक बाजूला केली तर खाली कौतुकाची हाव निघाली, ती बाजूला केली तर भीती निघाली. भीतीच्या खाली काही आहे की नाही, हे त्याने पुष्कळ दिवस चाचपून पाहिले. त्याला काही सापडेना.

शेवटी त्याने ठरवले की जोवर एखादे चोख कारण मनात सापडत नाही, तोवर प्रभूचे नाव घ्यायचे नाही. तळ्यावर जाऊन त्याने हे पक्ष्यांना सांगितले. ते गोंधळून गेले. एक पाणकोंबडी भीतभीत म्हणाली की आम्ही तर सकाळी थंडी वाजते म्हणूनही येतो, सगळ्यांना चिकटून उभे राहिले की बरे वाटते. तेही चुकीचे का?

"तुमचं निराळं," बगळा म्हणाला. "तुम्ही अजाण आहात. मी जाणता आहे, मला ही सूट नाही."

पाणकोंबडीला ते लागले होते, पण बगळ्याचे लक्ष स्वतःच्या मनाकडे होते. सकाळची प्रार्थना त्या दिवसापासून बंद पडली आणि बगळा पुन्हा जाळीत जाऊन बसला.

तळ्यापासून थोड्या अंतरावर बाभळीवर एक कावळा राहत असे. तो कधी प्रार्थनेला आला नव्हता. उलट प्रार्थना चालू असताना तो बाभळीवरून आजोबांच्या आवाजाची नक्कल करी. टिटवीची अंडी त्याने दोनदा पळवली होती आणि ते सगळ्यांना ठाऊक होते. वादळात बाभळीची फांदी मोडली तेव्हा एक लांब काटा या कावळ्याच्या छातीत शिरला. जखम चिघळली. एका सकाळी त्याची कावळी करवंदीच्या जाळीशी आली.

ती म्हणाली, "आजोबा, हे तुम्हांला बोलावताहेत. प्रार्थनेसाठी."

बगळ्याने विचारले की तो प्रभूला कधीपासून मानू लागला. कावळीने काही लपवले नाही. काल सूज गळ्यापर्यंत चढली तेव्हापासून, असे तिने सांगितले. त्याआधी त्याने टिंगलच केली होती, आणि तिने स्वतःही कधी त्यावर विश्वास ठेवला नव्हता. पण पहाटेपासून तो एकच धोशा लावून बसला होता, बगळेआजोबांना आणा.

"बाई," बगळा म्हणाला, "भीतीपोटी केलेली प्रार्थना ही खरी प्रार्थना नव्हे. त्याची तशी आहे आणि माझीही तशीच निघाली आहे. असल्या मनानं मी त्याच्याजवळ उभा राहून काय मागू? मला थोडा वेळ द्या. मन तपासतो आणि येतो."

कावळी उडून गेली.

बगळा मन तपासत बसला. मी गेलो तर का जाईन? ज्याने माझी टिंगल केली त्याच्यासाठीही हा गेला, असे जंगलाने म्हणावे म्हणून? आणि गेलो नाही, तर तो माझ्या शुद्धपणाचा गर्व तर नाही? प्रत्येक उत्तरातून दुसरा प्रश्न निघत होता. ऊन जाळीतून खाली उतरले, पायांवर आले, पायांवरून सरकले. सकाळ गेली.

दुपारी कावळी परत आली. ती फांदीवर बसली नाही, जमिनीवरच उतरली. तिच्या चोचीला ओली माती लागली होती.

"काय आजोबा, सापडलं का मन?" तिने विचारले.

बगळ्याने नकारार्थी मान हलवली.

"तुम्ही इथं सावलीत बसून स्वतःला घासताय," ती म्हणाली, "आणि तिकडं सकाळपासून त्यांच्या घशाला कोरड पडलीय. मी तळ्यावरून चोचीनं पाणी नेतेय. का नेतेय म्हणाल, तर मलाही ठाऊक नाही. माझी माया आहे. थोडा रागही आहे, यांनी मला सुखाचा एक दिवस दाखवला नाही. लोक काय म्हणतील, तेही आहे. हे सगळं माझ्या चोचीतच असतं, पाण्याबरोबर. पण पाणी घशाखाली उतरतं, आजोबा. त्यांना तेवढंच कळतं."

एवढे बोलून ती वळली. बगळ्याने आयुष्यभर इतके उपदेश ऐकले होते, पण त्याला असे कुणी बोलले नव्हते. तो जाळीतून बाहेर पडला. कितीतरी दिवस धड खाल्लेले नव्हते, त्यामुळे त्याचे पंख जड झाले होते, आणि बाभळीपर्यंतचे एवढेसे अंतर त्याला दोनदा थांबून कापावे लागले.

कावळा घरट्याच्या कडेला मान टाकून पडला होता. बगळा दिसताच त्याने डोळा उघडला.

"आजोबा," तो म्हणाला, आणि पुढचे शब्द गोळा करायला त्याला वेळ लागला. "मी भ्यालोय, म्हणून बोलावलं. दुसरं काहीच कारण नाही माझ्याकडे. चालेल का?"

सकाळी हाच प्रश्न आला तेव्हा बगळ्याजवळ उत्तर तयार होते. आता त्या डोळ्यात पाहताना ते उत्तर त्याच्या चोचीतून बाहेर पडेना. कारण ते खरे असेल, तर प्रभूच्या दारातून एक नव्हे, दोन पक्ष्यांना परत फिरावे लागणार होते.

"मला नक्की सांगता येत नाही," तो म्हणाला. "पण मीही भ्यालेलाच आहे. आपण दोघं मिळून त्यालाच विचारू."

कावळ्याने डोळा मिटला आणि पुन्हा उघडला. "टिटवीला..." तो म्हणाला. पुढे आवाज फुटेना. त्याने पुन्हा प्रयत्न केला. गळ्यातून नुसती घरघर आली.

कावळी हळूच म्हणाली, "सकाळी बोलत होते हो. टिटवीला बोलावून घ्या, तिच्या अंड्यांचं मला तिच्यापाशी बोलायचंय, म्हणत होते. मी म्हटलं, आजोबा येऊ देत, मग बोलावू."

तिने बगळ्याला दोष दिला नाही. द्यायची गरजही नव्हती. ती सकाळ कुठे गेली हे बगळ्याला माहीत होते, आणि ती परत आणता येणार नव्हती. टिटवीकडे मी स्वतः जाईन, तुला काय म्हणायचे होते ते तिला सांगेन, असे त्याने कावळ्याच्या कानाशी लागून सांगितले. मग तो घरट्याच्या कडेवर, मिळाली तेवढ्या जागेत, दोन्ही पाय टेकून उभा राहिला. चिंचेवरच्या दिवसांपासून पाठ असलेली एकही मोठी प्रार्थना त्याला आठवली नाही.

तो म्हणाला, "प्रभू, आम्ही दोघं भ्यालो आहोत, म्हणून तुझ्याकडे आलो. दुसरं काही आणता आलं नाही. यानं टिटवीचं घर मोडलं, ते याला तिच्यापाशी कबूल करायचं होतं. मी उशीर केला. आम्हांला क्षमा कर. आम्हांला जवळ घे."

कावळ्याची चोच हलत होती. पहिले दोन शब्द ऐकू आले, नंतरचे आले नाहीत. बगळा तेच शब्द पुन्हापुन्हा म्हणत राहिला, अगदी सावकाश, मागून म्हणणाऱ्याला गाठता यावेत इतके सावकाश. किती वेळ गेला हे त्याला कळले नाही. इतक्या दिवसांत प्रथमच तो स्वतःच्या मनात डोकावायचे विसरला होता. ऊन सागाच्या शेंड्यांवर गेले तेव्हा कावळ्याची चोच थांबली.

कावळी त्याची पिसे सारखी करत बसली. बगळाही उठला नाही. बऱ्याच वेळाने तिने वर न पाहताच विचारले, "आजोबा, खरं सांगा. यांचा विश्वास होता का तो? की नुसती भीती?"

महिन्यापूर्वी कुणी हे विचारले असते, तर बगळ्याने भीती आणि विश्वास यांतला फरक पाच दाखले देऊन समजावला असता.

तो म्हणाला, "बाई, यानं प्रभूला हाक मारली, एवढं मी ऐकलं. का मारली, ते ज्याला मारली त्याच्यावर सोपवू. त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं."

मग कावळी अडखळत म्हणाली की तिलाही दोन शब्द बोलावेसे वाटतात, पण तिने जन्मात कधी प्रभूचे नाव घेतले नाही, आणि आताही श्रद्धा वगैरे काही नाही. उद्या सकाळी या घरट्यात एकटीने जागे व्हायचे आहे, ते सोसवणार नाही, एवढेच. एवढ्याशा कारणाने गेलेले त्याला चालेल का, कोण जाणे.

बगळा फांदीवर सरकला आणि त्याने आपल्या शेजारी जागा केली.

"हेच सांगू या त्याला," तो म्हणाला. "या, इथं उभ्या राहा."

तात्पर्य : आपण प्रभूकडे का जातो, हे मनाला प्रामाणिकपणे विचारावे, पण चोख उत्तर सापडेपर्यंत जायचे थांबू नये, कारण हेतू शुद्ध करून मग त्याच्याकडे न्यायचा नसतो, तो आहे तसा त्याच्याकडे नेल्यावरच शुद्ध होऊ लागतो.